मी बसलो की मेल जायचे

टप्‌.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्‌.

रिकाम्या बादलीत थेंब पडल्याचा हा आवाज मी ऐकला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या वर्षी तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आनंदाचा! आणि त्याच आवाजापायी मी जी माती खाल्ली ना, ती आमच्या ऑफिसात अजून कुणी विसरलेलं नाही. माझी बायको तर नाहीच नाही.

चहा घ्या, सांगतो. मी हळू बोलणारा माणूस. तुमचा चहा संपेल, माझं सांगून संपायचं नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, दुसरा कप मागवा.

मी शिपाई. शिक्षण म्हणाल तर सही करण्यापुरतं आणि दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. फुलंब्रीहून रोज जीपनं यायचो. आमचं ऑफिस शहरात, औरंगपुऱ्यात, दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर. धंदा ठिबकच्या नळ्यांचा. सिल्लोडचा डीलर असो की आमच्या फुलंब्रीचा, त्यांच्या मागण्या ई-मेलवर यायच्या. मेल आला तर माल जायचा. मेल अडला की सगळेच अडायचे.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. माझ्या जीपच्या वाटेवर जिथं ज्वारी दिसायची, तिथं प्लॉटच्या पाट्या लागल्या. बंगले उभे राहिले, त्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या उभ्या राहिल्या, आणि टाक्यांत काय? हवा! नळ कधी येईल ते देवाला ठाऊक. श्रावणात ढग यायचे, सगळ्या गावाला घाम फोडायचे आणि लग्नात आहेर न करता जेवून जाणाऱ्या पाहुण्यासारखे गुपचूप निघून जायचे.

आता तुम्ही म्हणाल, मामा, पाण्याचा आणि मेलचा काय संबंध? बरोबर आहे. मलाही तो शेवटपर्यंत दिसला नाही, तोच तर किस्सा!

आमच्या ऑफिसात माणसांना पंखे आणि मशीनला एसी. एक छोटी खोली होती, तिच्यात मेलचं मशीन. त्या एसीची नळी खिडकीतून मागच्या गल्लीत लोंबायची आणि उकाड्याच्या दिवसांत तिच्यातून पाणी ठिबकायचं. चांगलं, स्वच्छ पाणी, गटारात! माझा जीव तुटायचा. एक दिवस मी गल्लीत बादली लावली. संध्याकाळी बघतो तर माझी बादली बाजूला आणि नळीखाली खालच्या रसवाल्याचं पातेलं!

"काय हो, हे काय?" मी विचारलं.

"मामा, पाणी आभाळातून पडलं तर ते सगळ्यांचं असतं," रसवाला म्हणाला.

"आभाळातून नाय पडत. आमच्या एसीतून पडतं."

"मंग एसी वर घेऊन जा."

एसी तर नेता येत नव्हता. मी नळी वर ओढली. खिडकीतून परत आत घेतली आणि मशीनच्या टेबलाखाली, मागच्या बाजूला बादली ठेवली. वर गोणपाट टाकलं, धूळ पडू नये म्हणून. कुणाला सांगितलं नाही. कामून सांगायचं? विहीर आपली असली तरी तिचा झरा कुणाला दाखवायचा नसतो, असं आमच्याकडं म्हणतात. सगळ्यांना वाटायचं, मामा गल्लीतूनच पाणी आणतो. खोलीत तशीही कुणाची ये-जा नसायची. आणि जो येईल त्यानं चप्पल बाहेर काढायची, हा माझा नियम. देवघरच ते.

त्याच सुमारास मेधा मॅडम आल्या.

बारीक चणीच्या, चष्म्याच्या. आजोबांच्या घरी भिक्षुकी होती, ही पोर मात्र कॉम्प्युटर शिकलेली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं पुण्याला जाणं शक्य नव्हतं. नोकरी याच गावात टिकायला हवी होती, आणि आमच्याकडं त्या अजून ट्रेनी होत्या. आल्या आल्या त्यांनी साहेबांना सांगितलं, मेलची जुनी सिस्टीम आता म्हातारी झाली, तिला दुरुस्त्या मिळणार नाहीत. एक दिवस बसली तर सगळे जुने मेल घेऊन बसेल. आपण सगळं लिनक्स नावाच्या नव्या सिस्टीमवर नेऊ.

साहेब मोठ्या शेतकरी घरचे. नवीन बैल घेताना चारदा दात बघणारा माणूस. ते म्हणाले, "कोण देतं हे लिनक्स?"

"कुणीही घेऊ शकतं साहेब. फुकट आहे."

झालं! फुकट म्हटल्यावर साहेबांचा विश्वासच उडाला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण गणपती बसायच्या आत सगळं सुरळीत पाहिजे. नाहीतर जुनंच लावू. आणि मग तुमचंही काय करायचं ते बघू."

मॅडमनी मान हलवली. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. त्यांनी कप उचलला नाही, सरळ मशीनच्या खोलीकडं गेल्या.

नवीन मशीन मी स्वतः उचलून आत नेलं. जुनं खिडकीच्या त्या बाजूला, नवं या बाजूला, टेबलावर. नव्याची तार भिंतीच्या कडेनं खाली, जमिनीलगतच्या एका डबीत, तिथं नेटची लाइन जोडलेली. आणि मग जे सुरू झालं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. चुका! रोज नवी चूक!

पहिल्या दिवशी मेल आला, पण कुणाच्याच पेटीत पडेना. मी घाबरून विचारलं, "काय म्हणतंय मॅडम?"

"म्हणतंय, मला या पेटीला हात लावायची परवानगी नाही." त्या हसल्या. "लिनक्स शिस्तीचं असतं मामा. मालकानं सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या कपाटाला हात लावत नाही."

"लई चांगल्या घरचं हाय मंग!"

मग बाहेरचे लोक आमचे मेल घेईनात. मॅडम म्हणाल्या, आपण घर बदललं, पण पाटी जुन्याच दारावर राहिली. पाटी बदलली, लोक घेऊ लागले. मग सिल्लोडच्या डीलरचे जुने मराठी मेल उघडले, तर त्यांत नुसती प्रश्नचिन्हं! अक्षर एक नाही.

आमचे हिशेबनीस इक्बालभाई, तेही सिल्लोडचेच, चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, ये तो बराबर है. उनका मराठी मेरे कू भी ऐसाच दिखता था."

मॅडम त्यावरही हसल्या आणि दुपारपर्यंत अक्षरं परत आणली.

मला काय आवडायचं सांगू? ही पोर मशीनवर कधी चिडली नाही. आपण काय करतो? टीव्ही बिघडला की थापड मारतो. ही मशीननं लिहिलेली तक्रार सबंध वाचायची. शेवटच्या अक्षरापर्यंत. मग एकच गोष्ट बदलायची आणि थांबायची. दोन गोष्टी एका वेळी कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "दोन औषधं एकदम दिली मामा, तर गुण कुणाचा आला ते कसं कळणार?" माझ्या वयाचे वैद्य असं बोलत नाहीत हो!

आणि सगळं जागेवर आलं असं वाटलं, तेव्हा ती दुपारची भानगड सुरू झाली.

सकाळी मेल घोड्यासारखे पळायचे. दुपार झाली की अडखळायचे. मशीन जिवंत, पण मेल रांगेत उभे. जुनं मशीन त्याच खोलीत होतं, ते लावून बघितलं की नीट चालायचं. म्हणजे दोष कुणाचा? लिनक्सचा! संध्याकाळी आपोआप सगळं सुटायचं आणि अडलेले मेल एकदम धावत सुटायचे.

साहेब केबिनमधून ओरडायचे, "मॅडम, फुकटचं जनावर दुपारी झोपतंच!"

मॅडमनी आतलं कार्ड बदललं. तार बदलली, डबीपर्यंतची, सकाळी आल्या आल्या. त्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम बदलला. रोज एक गोष्ट. रोज दुपारी तेच. गणपती जवळ येत चालले आणि पोरीचा डबा न खाताच परत जायला लागला. मला बघवेना.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. मी म्हटलं, दुपारी बैलसुद्धा ओढत नाही, त्याला सावली लागते. या मशीनला उकडत असणार! मी गुपचूप एसीचा रिमोट घेतला आणि आकडा खाली, खाली, अगदी तळाला नेऊन ठेवला. घे बाबा, थंड हो.

आणि काय चमत्कार! मशीन काही सुधारलं नाही, पण पाणी? दुप्पट! टप्‌ टप्‌ची धार झाली. मी म्हटलं, देव एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं देतो.

पाणी वाढलं तसा माझा मान वाढला. इक्बालभाई घरच्या कूलरसाठी कॅन आणायला लागले. "मामा, आज कित्ता हुआ?" एवढंच विचारायचे, आधी सलाम मग कॅन. साहेबांची गाडी कितीतरी दिवस धुळीनं भरलेली होती, ती रोज पुसली जाऊ लागली. दारातल्या कुंड्या हिरव्या झाल्या. जे मला "ए मामा" म्हणायचे, ते "मामासाहेब" म्हणू लागले. दुष्काळात पाणी देणारा माणूस म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको.

मी मात्र दुपारी बँकेत जायचो. ते माझं रोजचं काम. बँकेतून आलो की खोलीत जायचो, बादली काठोकाठ भरलेली असायची. थोडं पाणी मागं सांडलेलं असायचं, भिंतीकडं. ते फडक्यानं टिपायचो आणि फडकं बादलीतच पिळायचो. थेंब वाया जाऊ द्यायचा नाही!

तुम्हाला कळलं ना? तुमच्या तोंडावर दिसतंय. मला नाही कळलं. सांगा आता.

मग एक दिवस बँकेला सुट्टी आली. मी ऑफिसातच. पाय दुखत होते, म्हणून गार खोलीत स्टूल टाकून बसलो. बादली भरली की ओतून यायचो, परत बसायचो. आणि त्या दुपारी मेल एकदाही अडला नाही!

साहेब खूश. "झालं की मॅडम! सुटला प्रश्न."

दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. मॅडम म्हणाल्या, "नाही साहेब. बिघाड सापडला नाही. तो फक्त आज आला नाही."

असं म्हणायला छाती लागते. डोक्यावर टांगती तलवार असताना, आयती मिळालेली सुटका नको म्हणणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी प्रत्येकाला विचारलं, आज वेगळं काय होतं? शेवटी माझ्याकडं आल्या.

"मामा, तुम्ही?"

"मी बँकेत गेलो नाय. खोलीत बसलो होतो."

"आत? किती वेळ?"

"अख्खी दुपार."

त्यांनी ते लिहून घेतलं. "उद्याही बसाल?"

बसलो. मेल गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आज बँकेत जा. गेलो. मेल अडले. मग परत बसवलं. परत गेले!

आता काय सांगू, माझं काय झालं! शिपाई माणूस, उभा जन्म दाराबाहेर स्टुलावर गेला, आणि आज अख्ख्या ऑफिसचं मशीन मी बसल्याशिवाय चालत नाही! मी पेटीतली नवी टोपी काढून घातली. मिशीला तेल लावलं. मशीनच्या शेजारी मांडी घालून असा बसायचो की बघणाऱ्यानं नारळ ठेवावा.

इक्बालभाई दारातून डोकावले. "मामा, तुम तो पीर हो गए! थोडा मेरे प्रिंटर के बाजू में भी बैठो ना, कागज फसता है."

"बघू," मी म्हणालो. बघू! मी इक्बालभाईंना बघू म्हणालो!

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, "माझ्या हाताला काहीतरी गुण हाय. मी बसलो की मेल जातात."

ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "लई गुण हाय ना? मंग उद्या आपल्या बोअरजवळ बसा. बघू पाणी येतं का."

बायकांना मोठेपणा बघवत नाही, असं मी मनात म्हटलं. फक्त मनात.

गणपतीच्या आदल्या दिवशी साहेबांनी सांगून टाकलं, "आज संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही तर जुनं मशीन लागेल. मामांना बसवून कंपनी चालवता येत नाही."

हे मला जरा लागलं. मी होतोच की बसायला!

मॅडमचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज तसाच. "मामा, आज तुम्ही बँकेत जा. तुमच्या जागी मी बसते. खोली माझ्याशिवाय कुणी उघडायची नाही."

"मॅडम, नका असं करू," मी काकुळतीनं म्हणालो. "आजचा दिवस मला बसू द्या. गणपती गेले की शोधा कारण. तुमची नोकरी..."

"मामा, तुम्ही सुट्टीवर गेलात की मी काय करू?"

मी निघालो. निघताना मात्र तिच्यासाठी एक शेवटचं काम करून गेलो. रिमोट बघितला, आकडा तळालाच आहे ना? होता. आणि जिन्यात असताना, खोटं कशाला सांगू, मनात आलं की बरंच झालं. आज सगळ्यांना कळेल मामा म्हणजे काय ते. मी बँकेतून परत येताना पान खाल्लं. मुद्दाम उशीर केला!

परत आलो तर जिन्यापर्यंत कुणाचा आवाज नाही. खोलीच्या दाराशी चपलांचा ढीग. सगळं ऑफिस आत. मी आपला टोपी सरळ करून, घसा खाकरून आत शिरलो. वाटलं, आता वाट देतील, म्हणतील, या मामा, बसा.

मॅडम टेबलाखाली होत्या. नुसते पाय दिसत होते. अनवाणी, आणि सलवार घोट्यापर्यंत ओली.

"पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं, साहेब," आतून आवाज आला. "टॉर्च द्या."

गोणपाट बाजूला पडलं होतं. माझी बादली काठोकाठ भरून वाहत होती. अगदी बारीक ओहोळ. लाजत लाजत भिंतीकडं जात होता आणि भिंतीच्या कडेनं सरळ त्या डबीत शिरत होता, जिच्यात नव्या मशीनची तार होती. फक्त नव्या. जुन्याची डबी पलीकडं कोरडी ठणठणीत.

मॅडम बाहेर आल्या. केसांना जाळं लागलेलं, चष्म्यावर थेंब, आणि चेहरा? असा चेहरा मी पोरगी पहिल्या नंबरानं पास झालेल्या बापाचाच बघितलाय.

"साहेब, लिनक्स पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होतं. जोड सुटतोय, जोड सुटतोय. मी कार्डात शोधत होते. दुपारी बादली भरते, पाणी डबीत जातं, मेल अडतात. संध्याकाळी वाळतं, मेल सुटतात. आणि मामा बसले की..."

"मामा बसले की काय?" साहेब म्हणाले.

"मामा बसले की बादली ओततात."

सगळ्यांनी बादलीकडं बघितलं. एसीचा आवाज तेवढा. आणि टप्‌ टप्‌.

साहेब आयुष्यभर ठिबकच्या नळ्या विकलेला माणूस. ते खाली वाकले, ओहोळाकडं बघितलं. "या दुष्काळात माझ्या ऑफिसात पाणी वाहतंय? ही नळी आत कुणी घेतली?"

सगळे छताकडं बघायला लागले. इक्बालभाईंनी हातातला कॅन हळूच पाठीमागं नेला.

मला वाटलं, गप्प बसावं. पण पोरीचे ओले पाय दिसत होते.

"मी घेतली साहेब. तुमची गाडी त्याच पाण्यानं पुसतो. इक्बालभाईंचा कूलर त्याच पाण्यावर चालतो. आणि आकडा पण मीच तळाला नेला. मला वाटलं, मशीनला उकडतं."

साहेबांनी कंबर सरळ केली. खिडकीतून खाली चकचकीत गाडी दिसत होती, तिच्याकडं एकदा बघितलं.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "जुनं मशीन उद्याच इथून हलवा. गणपतीची आमंत्रणं नव्यावरून जाऊ द्या. आणि तुमच्या नावापुढचं ते ट्रेनी काढून टाका, बरं दिसत नाही." मग दारातून वळून म्हणाले, "गोदामातून चांगली लांब नळी घ्या आणि मागच्या गॅलरीत पिंप लावा. पाणी बंद नका करू."

सगळे पांगले. इक्बालभाई जाता जाता कॅन भरून घेऊन गेले. मी फरशी पुसायला बसलो. मॅडम डबीतली ओली तार बाहेर काढून कोरडी करत होत्या, गुणगुणत होत्या. एवढे दिवस मी पोरीला थंडावा म्हणून विष देत होतो, आणि तिनं मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. मला भरून आलं. काहीतरी बोलावं असं वाटलं. हळू बोलणाऱ्या माणसाला बोलायला उशीर होतो, आणि उशिरा सुचतं ते नको तेच असतं.

मी टोपी नीट केली आणि म्हणालो, "पण मॅडम, मी बसलो की मेल जायचे, हे तर खरंच होतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. मग ओढणी तोंडावर धरली, हातातली तार तशीच टेबलावर ठेवली आणि हसू दाबत खोलीबाहेर निघून गेल्या.